माळकरी घरात दुधाची शेळी

पत्र: आम्ही दोघं निवृत्त आहोत. यजमान एसटीत होते, मी अंगणवाडीत. अकोले तालुक्यात, प्रवरेपासून जवळच, घराभोवती पंधरा गुंठे जागा आहे. विहिरीचं पाणी मार्चपर्यंत पुरतं, पुढे जपून वापरावं लागतं. गाय आता झेपणार नाही, म्हणून घरच्या दुधापुरत्या दोन-तीन शेळ्या घ्याव्यात असं मनात आहे. एक व्यापारी सानेनच्या संकरित शेळ्या देतो म्हणतो, एकेक शेळी रोज तीन लिटर दूध देईल असं सांगतो. दुसरं कारण आमची नात. दहा महिन्यांची आहे, गाईचं दूध दिलं की अंगावर पुरळ उठतं. सगळे म्हणतात, शेळीचं द्या. आमचं घर माळकरी आहे. सुरुवात कुठून करू?
– एक आजी, अकोले

ताई, नमस्कार.

नातीचं आधी सांगते, कारण ते थांबण्यासारखं नाही. तिला शेळीचं दूध देऊ नका. गाईच्या दुधातल्या ज्या प्रथिनांची बाळांना ॲलर्जी होते, तशीच प्रथिनं शेळीच्या दुधात असतात. ती इतकी मिळतीजुळती की गाईचं दूध न सोसणाऱ्या बहुतेक बाळांना शेळीचंही सोसत नाही, आणि एखाद्या बाळाचं पुरळावर न थांबता ओठ सुजण्यापर्यंत, दम लागण्यापर्यंत जाऊ शकतं. शिवाय या दुधात फोलिक ॲसिड फार कमी असतं. लहान बाळ त्यावरच ठेवलं तर अंगातलं रक्त कमी होतं. वर्षाच्या आत तर गाईचं वरचं दूधही प्यायला द्यायचं नसतं. पुरळ दुधामुळेच उठतं का, हे बालरोगतज्ज्ञांना दाखवून पक्कं करून घ्या, आणि सुनेचं अंगावरचं दूध चालू असेल तर ते बंद करू नका. 'शेळीचं दूध हलकं' असं लोक म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे, कारण त्यातले स्निग्धांशाचे कण बारीक असतात. पण पचायला हलकं असणं वेगळं आणि ॲलर्जी न होणं वेगळं. डेंगीच्या साथीत प्लेटलेट वाढतात म्हणून हेच दूध वाटेल त्या भावाने विकलं जातं, त्यालाही पुरावा नाही. त्या भावाचा हिशेब मनात धरून शेळ्या घेऊ नका.

आता तुम्हा दोघांसाठी. तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: आमचं घर माळकरी आहे. शेळ्या कुठल्या, गोठा केवढा, चारा कोणता, याआधी या वाक्यावर तुम्ही आणि यजमानांनी बसून बोलायला हवं.

शेळी दूध देते ती व्याल्यावर. पाच महिने गाभण, मग वीत, मग काही महिने दूध, मग आटते. पुन्हा दूध हवं तर पुन्हा फळवावी लागते. दोन शेळ्या वर्षातून एकेकदा व्याल्या, कधी एक करडू कधी जुळं, तर वर्षाला साधारण तीन करडं होतात. त्यातली निम्मी बोकड. पाच वर्षांत सात-आठ बोकड तुमच्या अंगणात जन्माला येणार. त्यांचं काय करणार? पाटींचा, म्हणजे मादी करडांचा, प्रश्न नसतो, त्या कोणीही दुधाला किंवा पैदाशीला नेतं. चांगल्या दुधाळ आईचा एखादा देखणा बोकड पैदाशीसाठी जाऊ शकतो, पण गावाला असा एखादाच लागतो. बाकीचे बाजारात जातात, आणि बाजारातून कुठे जातात ते तुम्हालाही ठाऊक आहे. खच्ची करून सांभाळायचे म्हटले तर बोकड दहा वर्षंही जगतो आणि शेळीएवढाच चारा खातो. पंधरा गुंठ्यांत असे तीन झाले की शेळ्यांना चारा उरणार नाही. नातेवाइकाला दिला किंवा देवाला सोडला, तर निर्णय फक्त दुसऱ्याच्या हातात जातो.

हे मी इतकं ताणून लिहिते, कारण ज्या घरांत हा विचार आधी झालेला नसतो तिथे सगळ्यात वाईट गोष्ट घडते. बोकड विकायचा नाही, ठेवायचाही नाही, आणि दूध तर घरात हवं. मग नकळत त्या करडाला कमी पाजलं जातं. ते अशक्त होतं, हगवण लागते आणि मरतं. कोणी मारलं नाही असं म्हणता येतं, पण ते उपाशी मेलेलं असतं. त्यापेक्षा पोटभर दूध पिऊन वाढलेला आणि उघडपणे विकलेला बोकड मला कितीतरी बरा वाटतो.

यजमानांना बोकड विकणं मान्य असेल तर पुढचं वाचा. नसेल तर माझा सरळ सल्ला आहे, शेळ्या घेऊ नका. तुमच्या भागात महादेव कोळी, ठाकर, धनगर घरांमध्ये शेळ्या आहेत. एखाद्या ओळखीच्या बाईकडून रोज अर्धा लिटर दूध चांगल्या भावाने घ्या. तिला महिन्याचा नेमका पैसा मिळेल आणि तुम्हाला ताजं दूध. तिच्याकडचेही बोकड विकले जातातच, हे खरं आहे. पण ते तिच्या घराचं पोट आहे, आणि तो निर्णय तिने तिच्या रीतीने केलेला आहे. अर्धलीने शेळी पाळायला देण्याची पद्धतही तुमच्याकडे आहे. शेळी तुमची, सांभाळ तिचा, करडं निम्मी-निम्मी. त्यात मात्र बोकडांचा अर्धा वाटा तुमच्याच नावावर येतो, तेव्हा त्याला पळवाट समजू नका.

मान्य असेल असं धरून पुढे जाते.

तीन लिटरवाली शेळी घेऊ नका. सानेन मूळची स्वित्झर्लंडची, थंड हवेतली, गोरी कातडी, भरपूर खुराकावर वाढलेली. तिथे ती तीन लिटर आणि त्याहूनही जास्त देते. व्यापाऱ्याच्या 'संकरित' शेळीत सानेनचा अंश किती, हे कागदावर कोणी दाखवत नाही, आणि एप्रिलच्या उन्हात, विहीर खाली गेलेली असताना, तिला लागणारं हिरवं तुम्ही रोज कुठून आणणार? तुमच्या शेजारच्या तालुक्याच्या नावाची संगमनेरी शेळी दारातच आहे. नाशिक, अहिल्यानगर, पुणे या पट्ट्यातली, बहुतेक पांढरी, दूध आणि मांस दोन्हींसाठी पाळली जाणारी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात या जातीवर वर्षानुवर्षं काम चाललं आहे, तिथे जाऊन एकदा बघून या. दूध रोज अर्धा ते एक लिटर, चांगली निवडलेली असेल तर त्याहून थोडं वर. दोन म्हाताऱ्या माणसांच्या चहाला, ताकाला हे पुरतं. उस्मानाबादी काळी शेळी जुळी देते आणि काटक असते, पण तिचं दूध मुख्यतः करडांपुरतं.

घ्यायची ती बाजारातून नको, माणसाच्या घरून घ्या. बाजारात आणताना धार न काढता कास तुंबवून आणतात, म्हणजे ती मोठी दिसते. घरी गेलात की आदल्या संध्याकाळी तुमच्यासमोर पूर्ण धार काढायला सांगा, आणि सकाळी पुन्हा जाऊन समोरच काढलेलं दूध मोजा. धार काढल्यावर कास पिशवीसारखी सैल आणि मऊ पडली पाहिजे. तशीच टणक राहिली तर आत मांस आहे किंवा कासेची जुनी सूज, म्हणजे कासदाह, आहे. दोन्ही सड सारखे आहेत का, गाठ लागते का, हे हाताने बघा. खालचा ओठ दुमडून दात बघा. पुढचे दोन मोठे पक्के दात आलेले म्हणजे साधारण सव्वा-दीड वर्षाची, चार म्हणजे दोन-अडीच वर्षांची. दुसऱ्या वेताची, चार दाती शेळी सुरुवातीला सगळ्यात बरी. तिला धार द्यायची सवय असते आणि तुम्हाला ती शिकवू शकते.

एकटी शेळी ठेवू नका. ती ओरडते, खात नाही, दूध चोरते. दोन हव्यात. तीन मात्र तुमच्या चाऱ्याला जड.

चाऱ्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण आपण काय घालतो त्यानेही शेळ्या मरतात. शेळी गाईसारखं जमिनीवरचं गवत ओरबाडत नाही, ती मान वर करून पाला खाते. एकदा पायाखाली गेलेला, लेंड्या लागलेला चारा तोंडात घेत नाही. म्हणून पाला जुडी बांधून तिच्या तोंडाच्या उंचीवर टांगा, किंवा गव्हाण उंच करा. यानेच निम्मी नासाडी थांबते. बांधावर शेवरी, हादगा, शेवगा, सुबाभूळ लावा, आतल्या दोन-तीन गुंठ्यांत लसूणघास किंवा दशरथ घास. बोर, बाभूळ, अंजन बांधाला असेल तर तोडू नका, उन्हाळ्यात तोच पाला कामी येतो. मोठ्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवं, पाऊण-एक किलो वाळलेलं लागतं. वाळलेल्यात तुरीचं आणि हरभऱ्याचं भुसकट, भुईमुगाचा पाला तिला कडब्यापेक्षा आवडतो. खुराक, म्हणजे भरडा आणि पेंड, अडीचशे ग्रॅम, दुधावर असेल तर लिटरमागे आणखी तीनशे ग्रॅमच्या आसपास. जवळ खनिजांची चाटण वीट टांगलेली असावी. पाणी दिवसाला चार ते सहा लिटर, उन्हात आणि दुधावर असताना जास्त.

सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको, त्यातल्या मिमोसिन नावाच्या विषारी घटकाने केस गळतात. कोवळी ज्वारी, विशेषतः पाण्याचा ताण बसलेली किंवा कापणीनंतर फुटलेले कोंब, कधीच नको. त्यातलं विष काही मिनिटांत जीव घेतं. अंगणात शोभेची कण्हेर असेल तर शेळी आणण्याआधी उपटून टाका, तिची थोडी पानंही पुरतात. कुंपणाची घाणेरीही काढा, तिने कावीळ होते.

आणि शिळ्या भाकरी, भात, पुरणपोळ्या. हे तुम्हाला ताकीद म्हणून सांगते. पोळ्याला, लग्नाला, दहाव्याला उरलेलं अन्न मायेने शेळीपुढे टाकलं जातं. ती ते आवडीने खाते, पोटात आम्ल वाढतं, संध्याकाळपर्यंत ती दात खाते, पातळ हगते, बसून राहते आणि सकाळी मेलेली असते. धान्याचं पोतं उघडं राहिलं तरी हेच. शेजाऱ्यांनाही आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांनाही सांगून ठेवा की आमच्या शेळीला काही टाकू नका.

गोठा मोठा नको. एका शेळीला छपराखाली दहा-बारा चौरस फूट, बाहेर फिरायला त्याच्या दुप्पट. जमीन कोरडी, चढावर, पाणी निघून जाईल अशी. तुमच्याकडे पाऊस जास्त, ओल्या जमिनीने खूर सडतात आणि करडं छातीच्या विकाराने जातात. पण तुमच्या तालुक्यात पावसापेक्षा मोठी भीती बिबट्याची. उसात त्याची पिल्लं वाढतात, तो कुंपणावरून उडी मारतो, नुसत्या जाळीला पंजा घालून फाडतो. रात्री शेळ्या अशा खोलीत हव्यात जिचं छप्परही बंद आहे, दार आतबाहेरून कडीचं आहे, खिडकीला लोखंडी गज आहेत. ओसरीला दावं बांधून ठेवणं म्हणजे त्याला बोलावणं. दुर्दैवाने काही झालं तर मेलेलं जनावर हलवू नका, लगेच वनविभागाला कळवून पंचनामा करून घ्या, भरपाई मिळते.

बोकड तुम्ही पाळू नका. त्याला स्वतंत्र जागा लागते, आणि तो गोठ्यात असला की त्याचा वास दुधाला लागतो. 'शेळीच्या दुधाला वास येतो' ही तक्रार निम्म्या वेळा याचीच असते, उरलेल्या वेळा घाणेरड्या भांड्याची आणि दूध उन्हात राहिल्याची. गावात चांगला बोकड कोणाकडे आहे ते शोधा, फक्त तो तुमच्या शेळीचा बाप किंवा भाऊ नसावा. शेळी साधारण 18 ते 21 दिवसांनी माजावर येते. सारखी ओरडते, शेपटी हलवते, चारा सोडते, दुसरीवर चढते. माज दिवस-दीड दिवस टिकतो. सकाळी दिसला तर संध्याकाळी न्या.

धार काढायला तुम्हाला दोन-चार दिवस त्रास होईल, नंतर हात बसेल. कास कोमट पाण्याने पुसून कोरडी करा. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर काढा. फडक्यावर दह्यासारख्या गुठळ्या किंवा रक्ताची छटा दिसली तर त्या सडाचं दूध घरात घेऊ नका, डॉक्टरांना बोलवा. अंगठा दुमडून सड ओढू नका, त्याने आतून इजा होते. अंगठा आणि पहिल्या बोटाने सडाचा वरचा भाग बंद करायचा, मग बाकीची बोटं वरून खाली एकेक मिटत जायची. सड ओढायचा नाही, दाबायचा. शेवटचे थेंब राहू देऊ नका. करडाला पहिले दोन महिने त्याचा वाटा मिळालाच पाहिजे. सोपी पद्धत अशी की करडं दिवसभर आईपाशी, रात्री शेजारच्या खणात वेगळी, आणि सकाळची धार तुमची. जन्मल्यावर पहिल्या तासाभरात चीक पाजायचा, त्यात ढिलाई नाही. चीक घरात खरवसाला आधी काढून ठेवू नका. दूध आटवायचं ते विण्याच्या दोन महिने आधी, म्हणजे पोटातल्या करडाला आणि कासेला विश्रांती मिळते.

दूध नेहमी उकळून प्या. कोणी कितीही निरसं धारोष्ण म्हटलं तरी नको, त्यातून ब्रुसेलोसिस माणसाला होतो आणि तो महिनोन् महिने ताप देतो. शेळी गाभडली, म्हणजे तिचा गर्भ पडला, तर वार आणि मेलेलं करडू हातमोजे घालूनच उचला, खोल पुरा. सून पुन्हा गरोदर असेल तर विणाऱ्या शेळीपाशी तिला जाऊ देऊ नका.

लसींचं थोडक्यात. पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची, लस करडाला तीन-चार महिन्यांचं झाल्यावर, मग तीन वर्षांनी. आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यातल्या विषबाधेच्या रोगाची, दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर. जंताचं औषध डोळे मिटून दर महिन्याला पाजू नका, लेंड्या तपासून द्या. दरम्यान घरच्या घरी खालची पापणी उलटून आतला रंग बघत जा: लालसर गुलाबी ठीक, पांढरट पडला तर पोटातले जंत रक्त पितायत. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

आता केव्हा आणायच्या. मृगाचा पाऊस झाला की बांधाला शेवरी आणि हादगा लावा, लसूणघासाची जागा तयार करून ठेवा. ती पेरायची पाऊस ओसरल्यावर, थंडी सुरू होताना. भर पावसात नवी जनावरं आणू नका, त्यांना जागा आणि हवा दोन्ही एकदम बदलते. दिवाळीनंतर आणा, तोवर शेवरी कापणीला आलेली असते आणि जमीन वाळलेली असते. एक शेळी नुकती व्यालेली, करडासकट, आणि दुसरी दोन महिन्यांची गाभण अशी घेतलीत तर एकीचं दूध उतरायला लागेल तेव्हा दुसरी व्यायला येईल, आणि घरात दूध खंडणार नाही. शक्यतो दोघी एकाच घरच्या घ्या, म्हणजे आपसात झुंजणार नाहीत. पहिल्या आठवड्यात दूध कमी येईल. घाबरून खुराक वाढवू नका. आधीच्या मालकिणीकडे त्या काय खात होत्या, कधी खात होत्या, ते विचारून लिहून आणा, पंधरा दिवस तेच आणि त्याच वेळेला घाला, आणि तुमचा पाला त्यात रोज मूठभर वाढवत जा.